कुलूप एकदाच लावायचे असते

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या शेजारचे गृहस्थ माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक बहुधा कर्जाच्या कामासाठीच येतात. त्यांना अंगणात नवी बोअर मारायची होती आणि तिला कुठून कर्ज मिळेल, हे विचारायचे होते. मी म्हटले, "अहो, तुमची आहे ती बोअर चांगली चालते. घरात माणसे चार. पाणी कमी पडते कसे?" त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "भाऊ, पोरगा फार स्वच्छतेचा आहे जी. हात धुवायला लागला की दीड-दोन तास हलत नाही. टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते."

दोन दिवसांनी मुलगा दिसला. वय वीसच्या आसपास, हुशार, बोलायला नम्र. त्याने नमस्कारासाठी हात जोडले तेव्हा मी पाहिले, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या आणि कातडी पांढुरकी, सुरकुतलेली झाली होती. मी त्याच्या वडिलांना कर्जाचे काही सांगितले नाही. माझी स्वतःची गोष्ट सांगितली. आयुष्यात चार-पाच कादंबऱ्या लिहिल्या, पण ही गोष्ट त्यांतल्या एकीतही मी घातली नव्हती. लाज वाटत होती, हेच खरे कारण. आता साठी उलटून बरीच वर्षे झाली. लाजेचा उपयोग कोणालाच नाही, म्हणून आज ती इथे सांगतो.

१९९१ साली मला बढती मिळाली आणि शाखेच्या तिजोरीची एक किल्ली माझ्या खिशात आली. ज्यांनी बँकेत काम केले नाही त्यांच्यासाठी सांगतो की तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याने ती उघडताही येत नाही आणि बंदही करता येत नाही. रोख मोजायची, वहीशी जुळवायची, दोघांनी सह्या करायच्या, दोघांनी किल्ल्या फिरवायच्या, मूठ ओढून पाहायची आणि घरी जायचे. इतकी साधी, पक्की पद्धत. पण मूठ ओढून पायऱ्या उतरलो की माझ्या पोटात गोळा यायचा. लागले ना कुलूप? मी परत जायचो. पुन्हा ओढून पाहायचो. पुन्हा पायऱ्या. पुन्हा शंका. आमचा शिपाई बिचारा म्हणायचा, "साहेब, लागलं ना जी, मी पाहिलं." त्या शब्दांनी पाच मिनिटे बरे वाटायचे. सहाव्या मिनिटाला वाटायचे, याने नीट पाहिले असेल कशावरून?

१९९४ साली वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत आम्ही घर बांधले. मग रात्री जेवण झाले की मी स्कूटर काढायचो आणि गावात जाऊन शाखेचे शटर बाहेरून पाहून यायचो. एकदा पावसात रात्री दोन वाजता गेलो. पहारेकऱ्याने तोंडावर बॅटरी मारली, मला ओळखले आणि काही न बोलता बाजूला झाला. त्याचे ते न बोलणे मला आजही आठवते. घरी बायको जागी बसलेली असायची. गॅसचे बटण, मागच्या दाराची कडी, पंपाचे स्विच, साऱ्यांची चौकशी मी तिच्याकडे करायचो आणि ती प्रत्येक वेळी "हो, लागले" म्हणायची. रात्रीतून वीस वेळा, तीस वेळा.

मला हे कळत नव्हते असे नाही. सगळे कळत होते. कुलूप लागले आहे, हे माझ्या डोळ्यांना, हातांना, बुद्धीला ठाऊक होते. तरीही आतून घंटा वाजतच राहायची. या आजाराचा छळ नेमका हा आहे. बहुतेक रुग्णांना आपण करतो ते निरर्थक आहे हे समजते आणि तरी थांबता येत नाही.

इंग्रजीत या आजाराला ओसीडी म्हणतात. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला कल्पना-क्रिया अनिवार्यता असे जड नाव आहे. मनात एक नको असलेली कल्पना पुन्हा पुन्हा घुसते आणि तिची भीती शमवण्यासाठी एक क्रिया पुन्हा पुन्हा करावीच लागते. धुणे, तपासणे, मोजणे, वस्तू एका रेषेत लावणे, मनातल्या मनात तेच शब्द घोकणे, ही त्याची नेहमीची रूपे. शंभरांत साधारण दोघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा त्रास होतो असे मानतात आणि तो बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो. मलाही कॉलेजात असताना जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय चढता येत नसे. मी ते कोणाला सांगितले नव्हते.

आपल्या भाषेत या आजाराला एक जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना काही चुकले आणि माणसाचे डोके फिरले, अशी त्या शब्दामागची समजूत. शब्द फार नेमका आहे, कारण घोकणे आणि चुकण्याची भीती या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. पण त्यात एक अन्यायही आहे. तो सारा दोष रुग्णाच्या माथी टाकतो. तुझेच काहीतरी चुकले, असे सांगतो. मीसुद्धा कितीतरी वर्षे तसेच मानत होतो. मन खंबीर कर, देवाचे नाव घे, चार दिवस हवापालट कर, असे सांगणारे पुष्कळ भेटले. मन खंबीर करण्याचा मी इतका प्रयत्न केला की तोही एक मंत्रचळच होऊन बसला.

डॉक्टरांकडे मी गेलो तो माझ्या मुलीमुळे. १९९७ साली ती सात वर्षांची होती. एका संध्याकाळी आम्ही देवळात निघालो. मी कुलूप लावले, ओढले, चार पावले गेलो, परत आलो, ओढले. तिसऱ्यांदा परत वळलो तर ती माझ्या आधी दाराशी पोचली होती. तिने छोट्या हाताने कुलूप तीनदा ओढले आणि अगदी माझ्याच आवाजात विचारले, "लागलं ना?" तिला तो खेळ वाटत होता. मी पायरीवर बसलो. देवळात गेलोच नाही. पुढच्या आठवड्यात नागपूरला एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग मेंदूविषयी जे सांगितले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या डोळ्यांच्या खोबणींच्या वर, कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग आहे. काही चुकले, काही राहिले, की इशारा देणे हे त्याच्या कामांपैकी एक. मेंदूच्या आत खोलवर शेपटीसारख्या आकाराचे एक केंद्र आहे, त्याला पुच्छकेंद्रक म्हणतात. कोणता इशारा पुढे जाऊ द्यायचा आणि कोणता मिटवायचा, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. तिसरे ठाणे थॅलॅमस, ते संदेश पुन्हा वर कपाळामागे पाठवते. आपल्या सरकारी कचेरीत एखादी फाइल तीन टेबलांवरून फिरते आणि कोणीच तिच्यावर शेवटचा शेरा मारत नाही, तसे या आजारात होते. "कुलूप लागले, फाइल बंद" असा शेरा पडायला हवा. तो पडत नाही. फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर येते आणि घंटा पुन्हा वाजते.

हे ऐकून मला पहिल्यांदा हलके वाटले. माझ्या स्वभावात खोट नव्हती, एक फाइल अडकली होती. पण लगेच दुसरी भीती वाटली. मेंदूतच बिघाड असेल तर तो दुरुस्त कसा होणार? मेंदू काही घड्याळ नाही की उघडून चाक बदलावे.

त्यावर त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाची हकीकत सांगितली. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डॉ. लुईस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या रुग्णांचे दोन गट घेतले होते, प्रत्येकी नऊ जणांचे. एका गटाला फ्लुऑक्सेटिन हे औषध दिले. दुसऱ्या गटाला औषध दिलेच नाही, त्यांना फक्त वर्तनोपचार दिले. उपचारांच्या आधी आणि नंतर पेट स्कॅन नावाच्या तपासणीने मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो, म्हणजे किती काम करतो, हे मोजले. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला, त्यांच्या उजव्या पुच्छकेंद्रकाची अतिरिक्त धावपळ कमी झाली होती. औषध घेतलेल्यांची कमी झाली यात आश्चर्य नाही. पण ज्यांनी केवळ आपले वागणे बदलले, त्यांच्या मेंदूतही तोच बदल दिसला. १९९६ साली त्याच विद्यापीठातल्या डॉ. जेफ्री श्वार्ट्झ यांनी वर्तनोपचार घेतलेल्या आणखी काही रुग्णांमध्ये असाच बदल दाखवला.

हे अभ्यास लहान होते. पुढच्या तीस वर्षांत चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. मेंदूची आणखी ठाणी त्यात गुंतलेली आढळली आणि सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष तंतोतंत जुळले असेही नाही. कोणाला हा आजार आहे की नाही, हे आजही असल्या तपासणीवरून ठरवत नाहीत. रुग्णाशी बोलूनच ठरवतात. पण मूळ गोष्ट टिकली. मोठ्या माणसाचा मेंदू ओतलेल्या लोखंडासारखा नसतो. तो वापराने बदलतो. ज्या वापराने तो आजाराकडे वळला, त्याच्या उलट वापराने तो काही प्रमाणात मागे वळवता येतो.

हा उलटा वापर म्हणजे काय? त्याची पद्धत १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने प्रथम दाखवली. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्यासमोर जायचे आणि भीती शमवणारी ती क्रिया मात्र करायची नाही. ऐकायला सोपे आहे. करताना घाम फुटतो.

मला डॉक्टरांनी एक उतरंड लिहून आणायला सांगितली. सगळ्यात कमी भीतीची गोष्ट तळाला, सगळ्यात जास्त भीतीची वर, आणि प्रत्येकीला शंभरपैकी गुण. पंपाच्या स्विचला मी तीस दिले, घराच्या कुलपाला साठ, तिजोरीला शंभर. सुरुवात स्विचपासून. एकदा बंद करायचा, हात मागे घ्यायचा, परत जायचे नाही. जे काही होईल ते बसून सोसायचे. पहिल्या संध्याकाळी मी खुर्चीत बसलो आणि छाती धडधडत होती. अर्ध्या तासाने भीती वाढली. एका तासाने तशीच. अडीच तासांनी लक्षात आले की मी वर्तमानपत्र वाचतो आहे. घंटा कोणीही बंद न करता आपोआप थांबली होती. आयुष्यात असे पहिल्यांदाच घडले, कारण आजवर मी तिला स्वतःहून थांबायची संधीच दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन तास लागले. आठवड्याने पंधरा मिनिटे.

सोबत औषधही होते. या आजारात औषधाचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि मात्रा अनेकदा उदासीच्या आजारापेक्षा जास्त लागते. पुष्कळ लोक तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात. मीही सोडणार होतो. औषधाने घंटेचा आवाज थोडा खाली आला आणि तेवढ्यामुळे खुर्चीत बसून राहणे मला जमले. निम्म्याहून अधिक रुग्णांना या उपचारांनी चांगला आराम पडतो.

पण खरी कठीण परीक्षा माझ्या बायकोची होती आणि तिच्याविषयी कोणी लिहीत नाही. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले, "यांनी 'लागले ना?' विचारले तर उत्तर द्यायचे नाही." ती म्हणाली, "अहो डॉक्टर, उत्तर दिले की त्यांना बरे वाटते." डॉक्टर म्हणाले, "पाच मिनिटे बरे वाटते. मग तहान वाढते. तुमचे 'हो' ही त्यांच्या आजाराची रोजची मात्रा आहे." तिने सहा वर्षे जे मायेने केले, ते आजाराला खतपाणी होते. हे पचवणे तिला सोपे नव्हते. त्या रात्री मी विचारले, "मागची कडी लागली ना?" ती म्हणाली, "डॉक्टरांनी मला उत्तर द्यायला मनाई केली आहे." मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्यावर चिडलो, ओरडलो. ती बधली नाही. माझ्या मेंदूत जर काही बदल झाला असेल, तर त्याचे निम्मे श्रेय तिच्या त्या न दिलेल्या उत्तराला आहे.

आपल्या घरांत हा आजार लपतो कसा, हेही बोलले पाहिजे. माझी आई सोवळे पाळणारी. तिचे नियम कडक होते, पण पूजा-नैवेद्य आटोपला, पंगत उठली की तिचे सोवळे संपायचे आणि ती ओसरीवर शेजारणींशी हसत बसायची. ती रीत होती आणि रीतीला शेवट असतो. आजाराला शेवट नसतो. एखादी सून देवघरात चार तास अडकते, एखाद्या आजोबांची आंघोळ दुपारपर्यंत संपत नाही, एखादा हिशेबनीस एकच बेरीज चाळीस वेळा करतो आणि आपण कौतुकाने म्हणतो, किती सोवळ्याच्या, किती काटेकोर! मलाही बँकेत काटेकोर अधिकारी म्हणून मान होता. उपचाराविना वर्षांमागून वर्षे जातात ती अशा कौतुकात.

नालवाडीच्या इतिहासात या संदर्भात मला एक गोष्ट नेहमी आठवते. डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा इथल्या दलित वस्तीत राहायला आले. १९३८ मध्ये ते पवनारला गेले. त्याच काळात इथे चर्मालय उभे राहिले. मेलेल्या गुरांचे कातडे सोलणे, कमावणे हे काम गोपाळराव वाळुंजकर यांच्यासारख्या कार्यकर्त्याने स्वतः पत्करले. अस्पृश्यता हा काही मनाचा आजार नव्हता, तो समाजाने केलेला अन्याय होता, आणि दोन्ही एका मापाने मोजणे चूक ठरेल. पण विटाळाची भीती व्याख्यानाने जात नाही, हात त्या कामात घातल्यानेच जाते, हे इथे त्या लोकांनी दाखवले होते. मेंदूचे शास्त्र पुढे जे सांगू लागले तेही याच्या जवळ जाणारे आहे. भीती समजुतीने कमी होत नाही, अनुभवाने होते.

मी पूर्ण बरा झालो का? असा दावा करणार नाही. शास्त्रज्ञ आता म्हणतात की जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवे शिकणे उभे राहते आणि ते बळकट होत गेले की जुने मागे पडते. आमच्या भागात शेतात जायला पांदण असते. शेजारून डांबरी रस्ता झाला की पांदणीने जाणे कमी होते, तिच्यावर गवत वाढते, बाभळी येतात. पण पांदण तिथेच असते. मोठा पूर आला, रस्ता तुटला, की बैलगाडी पुन्हा तिकडे वळते. २०२० साली करोना आला तेव्हा तसे झाले. सारे जग हात धुवायला सांगत होते, मी भाजीची एकेक मिरची साबणाच्या पाण्यात घालू लागलो, आणि तिसऱ्या दिवशी बायकोने माझ्या हातातून पातेले काढून घेतले. "एकदा धुतले, पुरे," म्हणाली. मी थांबलो. पांदणीवर दोन पावले गेलो होतो, परत फिरलो. परत फिरता येते, हीच माझी कमाई.

आजच्या तरुणांकडे तपासण्याची नवी साधने आहेत. घर सोडताना गॅसच्या बटणाचा, कुलपाचा फोटो मोबाइलवर काढतात आणि दिवसभर तो पाहत राहतात. कॅमेऱ्यात दर दहा मिनिटांनी दार बघतात. साधन नवे, घंटा तीच. एखाद वेळी फोटो काढला म्हणून कोणी आजारी ठरत नाही. पण दिवसाचा तासभर किंवा अधिक वेळ अशा गोष्टींत जात असेल, नोकरी, अभ्यास, झोप यांवर घाला पडत असेल, तर तो स्वभाव समजू नका. तज्ज्ञांना दाखवा. त्यासाठी आता पुण्या-मुंबईलाच जावे लागते असे नाही. आमच्या जवळच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ठाण्याला १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली आयपीएच संस्था आहे. २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीतून बोलता येते. आणि घरच्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. रुग्णाला टोमणे मारू नयेत आणि त्याच्या आजाराची चाकरी करू नये. मदत एकदम तोडायचीही नसते. ती किती आणि केव्हा कमी करायची, हे उपचार करणाऱ्यांना विचारूनच ठरवावे.

शेजारचे गृहस्थ माझे सगळे ऐकून गेले. पंधरा दिवसांनी मुलाला घेऊन सेवाग्रामला गेले. आता तो दर आठवड्याला जातो. परवा सकाळी त्याची आई कुंपणाशी भेटली. म्हणाली, "काल त्याने मातीत हात घालून कढीपत्त्याचे रोप लावले, आणि अर्धा तास हात तसेच ठेवून बसला. रडत होता, पण बसला."

मी विचारले, "तुम्ही काय केले?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "शेजारी बसले."

बोअरची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.